परक्या घरीं जाणाऱ्या लेकराची बैठक
(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त संगमनेर येथें कुटुंबप्रमुखांच्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



ज्युबिलीचा दिवस हा उपकारस्मरणाचा दिवस होय. ज्या वडीलधाऱ्यांनीं उन्हातान्हांत पायपीट करून या प्रवराकांठीं श्रद्धेचें बीं पेरलें, ज्या मास्तरांनीं झाडाखालीं शाळा भरविल्या, ज्या धर्मभगिनींनीं आजाऱ्यांच्या उशाशीं रात्री काढल्या, त्या सर्वांचें स्मरण या दिवसांत आपण आदरानें करतों, आणि तें योग्यच आहे. परंतु पवित्र शास्त्रांत ज्युबिलीच्या वर्षाचा आणखी एक अर्थ सांगितलेला आहे. त्या वर्षीं ज्याचें त्याला परत मिळे, आणि दुरावलेला मनुष्य आपल्या कुळाकडे परत जाई. हा दुसरा अर्थ मनांत धरून आज आम्ही एका प्रश्नाविषयीं बोलणार आहों. आईबापांच्या छत्राला मुकलेलें, किंवा आईबाप असूनहि ज्याला त्यांच्यापाशीं ठेवतां येत नाहीं, असें मूल जेव्हां दुसऱ्याच्या घरीं पाठवावयाचें असतें, तेव्हां तें कोठें जाईल हें कोणीं ठरवावें, आणि कसें ठरवावें?

प्रथम आमचा स्वतःचा एक अपराध सांगतों. सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं, आम्ही नवे धर्मगुरू असतां, दुसऱ्या एका धर्मग्रामांत होतों. तेथील एका वाडीवर तापाच्या आजारानें एक बाई वारली. नवरा ऊसतोडीवर गेलेला, आणि दारूच्या पुरता आहारीं गेलेला. मागें तीन लेकरें राहिलीं: नऊ वर्षांचा मुलगा, त्याच्या पाठची सहा वर्षांची बहीण, आणि एक कडेवरचें तान्हें. मूठमाती दिल्याच्या दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं आमच्या व्हरांड्यांत चार खुर्च्या मांडल्या गेल्या. बसलेलीं चारहि माणसें भलीं होतीं, आणि त्यांत एक आम्ही होतों. मुलगा एका वसतिगृहांत जावा, मुलगी दुसऱ्या गांवच्या वसतिगृहांत जावी, आणि तान्हें दूरच्या एका निपुत्रिक जोडप्याकडे द्यावें, असें ठरलें. चहा थंड होण्याच्या आंत तीन लेकरांचीं तीन घरें झालीं. मुलांनीं रडूं नये म्हणून त्यांना सांगण्यांत आलें कीं, आपण हरेगांवच्या मतमाऊलीच्या यात्रेला जात आहों.

तिसऱ्या दिवशीं त्यांची आजी आली. ती त्यांच्या आईची आई. संगमनेरांत विड्या वळून ती पोट भरीत असे. तिच्या फडक्यांत शेंगदाणे आणि गूळ बांधलेला होता. तिनें एवढेंच विचारलें, “फादर, लेकरं कुठं ठिवली?” आम्हीं तिला शिक्षण, जेवण, शिस्त यांविषयीं पुष्कळ सांगितलें. ती ऐकत राहिली. जातांना तें फडकें तेथेंच व्हरांड्यांत ठेवून गेली.

तो मुलगा शिकला. आज तो चांगला कमावता गृहस्थ आहे. कांहीं वर्षांपूर्वीं तो आम्हांस भेटावयास आला आणि अगदीं शांतपणें म्हणाला, “फादर, तुम्ही मला उपाशी ठेवलं नाहीं. पण त्या दिवशीं मला कोणी विचारलं नाहीं. बहिणीला अंधाराची भीति वाटायची. ती माझा सदरा मुठीत धरून झोपायची. हें मला ठाऊक होतं, तुम्हांला नव्हतं.” ती बहीण त्याला त्यानंतर सहा वर्षांनीं भेटली. तें तान्हें आज मोठें झालें आहे, पण त्याला भाऊ म्हणून ओळखत नाहीं. हरेगांवच्या यात्रेला तो अद्यापहि जात नाहीं.

बंधुभगिनींनो, आमचा हेतु वाईट नव्हता, आणि हेंच या गोष्टींतील खरें दुःख आहे. वाईट हेतूनें झालेली चूक पकडतां येते. चांगल्या हेतूनें झालेली चूक उपकाराचें वस्त्र पांघरून बसते आणि वर्षानुवर्षें तिच्याकडे कोणी बोट दाखवीत नाहीं.

निर्गमाच्या ग्रंथाच्या आरंभीं जी कथा आहे ती तुम्हां सर्वांस ठाऊक आहे. फारो राजाच्या क्रूर आज्ञेच्या भयानें एका आईनें आपलें तीन महिन्यांचें मूल पेटाऱ्यांत ठेवून नदीकांठच्या लव्हाळ्यांत सोडलें. राजकन्येला तें सांपडलें आणि तिला कळवळा आला. तिच्यापाशीं राजवाडा, दासी, धन, सर्व कांहीं होतें. ती कोणालाहि न विचारतां तें मूल उचलून नेऊं शकली असती. परंतु थोड्या अंतरावर त्या मुलाची बहीण उभी होती. ती पुढें होऊन बोलली, राजकन्येनें तिचें ऐकून घेतलें, आणि मुलाला पाजण्यासाठीं त्याची स्वतःची आईच आली. एवढेंच नव्हे, तर त्या कामाचें वेतनहि तिला मिळालें. त्या नदीकांठच्या बैठकींत अधिकार असलेली होती, मुलाला ओळखणारी होती, आणि त्याला सांभाळणारीहि होती. म्हणूनच मोशे राजवाड्यांत वाढूनहि आपले भाऊबंद कोण हें विसरला नाहीं. आमच्या व्हरांड्यांत राजकन्येच्या जागीं बसणारे चौघे होते. लव्हाळ्यांपाशीं उभी असलेली बहीण मात्र आम्हीं बोलाविलीच नाहीं.

कोणी म्हणेल, आपल्या पूर्वजांनीं तर कितीतरी अनाथांना असेंच आसऱ्याला घेतलें. तें खरें आहे. १८९६-९७ चा दुष्काळ आणि त्यामागून आलेला १८९९-१९०० चा दुष्काळ यांनीं या दक्षिण देशाची दाणादाण उडविली. त्या वेळीं मिशनांनीं निराधार मुलें पोटाशीं धरलीं. पंडिता रमाबाईंनीं केडगांवीं शेंकडों मुलीबायकांना आश्रय दिला. मरणाच्या दारांतून मूल ओढून काढतांना बैठक भरवीत बसावयाचें नसतें. त्या उपकारकर्त्यांपुढें आमचें मस्तक नमतें. परंतु दुष्काळांतील रिवाज सुकाळांतहि चालू ठेवणें याला परंपरा म्हणतां येत नाहीं; ती संवय होय.

आज कायद्यानेंहि ही गोष्ट कोणा एकट्यादुकट्याच्या हातीं ठेवलेली नाहीं. २०१५ चा बाल न्याय अधिनियम १५ जानेवारी २०१६ पासून अंमलांत आला. त्याप्रमाणें काळजीची व संरक्षणाची गरज असलेलें मूल आढळल्यास, प्रवासाचा वेळ सोडून, चोवीस तासांच्या आंत त्याला बालकल्याण समितीपुढें हजर करावें लागतें. या समितींत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, व त्यांत निदान एक स्त्री असलीच पाहिजे. समितीच्या सांगण्यावरून मुलाच्या घरच्या परिस्थितीची चौकशी होऊन पंधरा दिवसांत अहवाल यावयाचा असतो, आणि चार महिन्यांत समितीनें अंतिम आदेश करावयाचा असतो. प्रत्येक मुलासाठीं त्याचा स्वतःचा संगोपनाचा आराखडा तयार करावा, आणि संस्थेंत ठेवणें हा शेवटचा उपाय समजावा, असें हाच कायदा सांगतो. आम्हीं व्हरांड्यांत जें केलें, तें आज कोणीं केलें तर तो केवळ अविचार ठरणार नाहीं, कायद्याचा भंगहि ठरेल. त्या वेळींहि कायदा होताच. तो जाणून घेण्याची तसदी आम्हीं घेतली नव्हती.

या कायद्याच्या ४४ व्या कलमांत, मूल कांहीं काळ दुसऱ्या कुटुंबांत सांभाळावयास देण्याची व्यवस्था सांगितलेली आहे. हें दत्तक नव्हे. दत्तकांत मूल कायमचें त्या घरचें होतें. संगोपनांत तें सांभाळावयास दिलेलें असतें, आणि स्वतःच्या घराची वाट त्याच्यासाठीं शक्य तोंवर मोकळी ठेवलेली असते. भावंडांना एकत्र ठेवण्याचा सर्व प्रयत्न करावा, असें या कलमांत स्पष्ट म्हटलें आहे. आईबाप सांभाळ करण्यास असमर्थ ठरल्यामुळें मूल दिलें असेल तर, मुलाच्या हिताला बाध येत नसेल तोंवर, त्यांनीं त्याला नियमानें भेटावें. आणि तीं समर्थ झालीं कीं मूल त्यांच्याकडे परत जावें, असेंहि त्यांत आहे. हें वाचतांना ज्युबिलीच्या त्या जुन्या अर्थाचें आम्हांस स्मरण झालें.

परंतु कायदा दार उघडून देतो. आंत कोणाला बसवावयाचें हें माणसांवर राहतें. करोनाच्या सांथींत, २०२१ सालीं, आपल्या राज्यानें जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालीं जिल्ह्याजिल्ह्यांत कृतिदलें नेमलीं आणि पुढें तालुक्यातालुक्यांत तहसीलदारांच्या अध्यक्षतेखालीं ‘मिशन वात्सल्य’ समित्या स्थापिल्या. आपल्याच जिल्ह्यांतील शिक्षक व लेखक श्री. हेरंब कुलकर्णी यांच्या पुढाकारानें विधवा झालेल्या भगिनींसाठीं पुनर्वसन समितीचें कार्य उभें राहिलें. निरनिराळ्या खात्यांचीं माणसें एका टेबलाभोंवतीं बसलीं म्हणजे महिनोमहिने अडलेला कागद कसा पुढें सरकतो, हें त्या काळांत सर्वांनीं पाहिलें. एक पाऊल पुढें टाकावयाचें उरलें आहे: त्या टेबलापाशीं मुलासाठीं आणि मुलाच्या माणसांसाठींहि जागा हवी.

दूरच्या न्यूझीलंड देशानें हें पाऊल १९८९ सालीं टाकलें. तेथील माओरी लोकांचीं मुलें सरकारी अधिकारी परस्पर उचलून नेत, आणि कूळ मात्र बाहेर उभें राही, अशी त्या लोकांची जुनी तक्रार होती. त्या वर्षींच्या कायद्यानें कुटुंबसभा सुरू केली. तींत अधिकारी प्रथम सर्व हकीकत नातलगांपुढें मांडतात, आणि नंतर स्वतः खोलीबाहेर जातात. घरचीं माणसें एकान्तांत विचार करून योजना ठरवितात, आणि मग ती अधिकाऱ्यांपुढें ठेवतात. त्याच वर्षीं संयुक्त राष्ट्रांनीं बालहक्कांचा करार केला. मुलासंबंधीं निर्णय करतांना त्याच्या वयाला साजेल अशा रीतीनें त्याचें म्हणणें ऐकावें, हें त्यांत नमूद आहे, आणि आपल्या देशानें तो करार १९९२ सालीं मान्य केला आहे. आम्हांस वाटतें कीं ही रीत आपल्याला परकी नाहीं. शेताच्या बांधासाठीं आपली भावकी दहा वेळां बसते. लग्नाच्या बोलणीसाठीं मामाला सांगावा गेल्याशिवाय सुपारी फुटत नाहीं. मग ज्या लेकराचें सारें घर हलावयाचें, त्याच्यासाठीं भावकीनें एकदां तरी बसावें कीं नाहीं?

आतां ही बैठक कशी असावी तें सांगतों. अंतिम निर्णय बालकल्याण समितीचाच राहतो, हें पक्कें ध्यानांत ठेवा. बैठकीचें काम तो निर्णय शहाणपणाचा व्हावा यासाठीं सत्य गोळा करण्याचें आहे.

पहिली गोष्ट, बैठकीपूर्वीं मुलाला खरें सांगावें. त्याला समजेल अशा शब्दांत, त्याच्या ओळखीच्या माणसानें सांगावें. यात्रेचें नांव घेऊं नये. मूल रडेल, त्याला रडूं द्यावें. खोटें सांगून थांबविलेले अश्रु पुढें फार वर्षें वाहतात.

दुसरी गोष्ट, बोलावणें कोणाला? दोन्ही बाजूंच्या आप्तांना: आजीला, मामाला, चुलत्याला, आत्याला. शाळेच्या बाईंना आणि अंगणवाडीच्या ताईंना. जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या अधिकाऱ्यांना. ज्या कुटुंबांत मूल जावयाचें असेल त्या कुटुंबाला. आणि मुलाच्या विश्वासाच्या एका माणसाला, ज्याची निवड मुलानेंच करावी. बाप तुरुंगांत असेल, आई इस्पितळांत असेल, तर त्यांचें म्हणणें आधीं जाऊन लिहून आणावें. मात्र ज्याच्या हातून मुलाला मारहाण किंवा त्याहून वाईट कांहीं सोसावें लागलें असेल, त्याला मुलासमोर बसवूं नये. त्याचें म्हणणें वेगळ्या वेळीं ऐकावें. मुलाचें रक्षण प्रथम, रीत त्यानंतर.

तिसरी गोष्ट, वेळ आणि जागा. हजेरी बुडाली तर जिची चूल पेटत नाहीं अशा बाईला भर दुपारीं बोलावून, ती आली नाहीं म्हणून तिला बेपर्वा ठरवूं नये. ऊसतोडीवर गेलेल्याशीं फोनवर तरी बोलावें. जिल्ह्याचें ठिकाण आपल्यापासून दूर आहे. गरीब आजीला तेथवर नेण्याआणण्याचा भार धर्मग्रामानें उचलावा.

चौथी गोष्ट, आणि ही सर्वांत मोठी, काय विचारावें? पहिला प्रश्न असा: मुलाला घर सोडावें लागेलच काय? क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नांवानें आपल्या राज्यांत बालसंगोपन योजना चालते. तींत पात्र मुलासाठीं दरमहा २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेंत प्रायोजकत्वासाठीं किंवा संगोपनासाठीं दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. अशा एखाद्या आधारावर आजीची चूल चालत असेल, तर लेकरें आजीपासून तोडण्याचें कारण काय? त्या आजीला हें कोणीं विचारलेंच नाहीं. जावेंच लागत असेल तर पुढचे प्रश्न: भावंडें एकत्र राहतील काय? शाळा तीच राहील काय? मूल रात्रीं कसें झोपतें, काय खातें, कशाला भितें, कोणतें औषध घेतें? जन्माचा दाखला व आधार कोणाजवळ आहेत? आईचा एखादा फोटो त्याच्याबरोबर जाईल काय? आईबाप किंवा आजी त्याला केव्हां आणि कोठें भेटतील? आणि घरांत कोणता बदल झाला म्हणजे तें परत येऊं शकेल?

पांचवी गोष्ट, ठरलें तें लिहून ठेवावें. कोणीं काय करावयाचें, कोणत्या तारखेपर्यंत, आणि पुन्हां केव्हां बसावयाचें, हें साध्या मराठींत लिहून, ज्याला वाचतां येत नाहीं त्याला मोठ्यानें वाचून दाखवावें. पाहणाऱ्या कुटुंबाची दरमहा पाहणी व्हावी असें कायदा म्हणतो. परंतु पाहणीला येणाऱ्यानें मुलाला एकट्याला चार शब्द विचारले पाहिजेत, नाहींतर ती पाहणी भिंतींची होईल.

येथें एक कठीण गोष्ट सांगितल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. एखादें मूल आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबाकडे आलें, आणि त्याचे आईबाप दुसऱ्या धर्माचे असले, तर त्या बैठकींत आपली संख्या वाढविण्याचा विचार कोणाच्याहि मनाला शिवतां कामा नये. त्याचे सण, त्याची भाषा, त्याच्या घरचीं नांवें त्याच्यापाशीं राहूं द्यावीं. संत योसेफानें जें बाळ सांभाळलें तें आपलें नव्हे, आपल्या स्वाधीन केलेलें आहे, हें तो एक क्षणहि विसरला नाहीं. प्रतिपालक पिता म्हणून त्याची जी थोरवी आपण गातों, ती याच गोष्टींत आहे.

आपल्या ज्युबिलीसाठीं आपण नवा रंग दिला, कमान उभारली, घंटा दुरुस्त केली. आतां आम्ही आणखी तीन गोष्टी मागतों. प्रत्येक वाडीवरून निदान एका जोडप्यानें जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे जाऊन संगोपन-कुटुंब होण्याची माहिती घ्यावी; २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांप्रमाणें एकट्या राहणाऱ्या व्यक्तींसहि कांहीं अटींवर हें कार्य करतां येतें. दुसरें, संकटांतलें मूल दिसतांच कोणींहि परस्पर सोय लावूं नये. १०९८ या क्रमांकावर कळवावें, आणि आम्हांसहि कळवावें. तिसरें, अशा बैठकीसाठीं धर्मग्रामाचें सभागृह जातिधर्म न पाहतां, विनामूल्य, केव्हांहि उघडें राहील, असा ठराव आज आपण करूं या. तेथें एक चटई, प्यावयास पाणी आणि थोडें खावयास असलें म्हणजे पुरे. खुर्च्या मात्र चारच मांडूं नयेत.

तें शेंगदाण्याचें फडकें आम्हीं कित्येक वर्षें कपाटांत ठेवलें होतें. आजी परत आली नाहीं, आणि आम्हीं तिला शोधावयास जाण्यापूर्वींच ती देवाघरीं गेली. तिच्यापुढें आतां आम्हांला क्षमा मागतां येत नाहीं. पण दुसऱ्या एखाद्या आजीला आमच्या दारांतून तसें परत जावें लागूं नये, एवढें आपल्या हातीं आहे.

संत योसेफ, येशूचा प्रतिपालक पिता, आपणां सर्वांसाठीं विनंती करो, आणि आपल्या दाराशीं येणाऱ्या प्रत्येक लेकराचें ऐकून घेण्याचें धैर्य प्रभु आपणांस देवो. आमेन.